डोमाजीच्या बांधीत माझं लोकेशन

माझ्या मुलीसाठी बपेऱ्याचं स्थळ पाहायला आमच्या घरून तीन माणसं आणि एक मोबाइल निघाला. माणसं उशिरा का होईना, बपेऱ्याला पोचली. मोबाइल दुसऱ्याच्याच घरी गेला.

मी साकोलीचा. शेतीची अवजारं विकणाऱ्या एका कंपनीत फिरतीची नोकरी आहे. आज लाखांदूर, उद्या पवनी, परवा तुमसर. इतकं फिरणाऱ्या माणसाला मोबाइलशिवाय गत्यंतर नसतं, आणि मोबाइलचं दोन पैशांचं ज्ञान आलं की ते दुसऱ्याला दिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी रोज सकाळी प्रवासाची एक सूचना टाकतो. नकाशा घरूनच डाउनलोड करून निघा, जंगलात रेंज गेली तरी रस्ता चुकत नाही. जिथं रेंज येते-जाते तिथं फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर टॉवर शोधता शोधता बॅटरी संपते. चहाच्या टपरीवर, स्टँडवर कुठंही फोन चार्जिंगला लावू नका, डेटा चोरीला जातो. विश्वासातल्या माणसाकडेच लावा. लोक खाली अंगठा टाकतात, हात जोडतात. माझ्या बायकोने, म्हणजे वनिताने, तो ग्रुप म्यूट केला आहे. (मी त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे आणि ती माझ्याच घरात राहते.)

आमची शुभांगी भंडाऱ्याला एका लॅबमध्ये नोकरीला आहे. दोन वर्षं स्थळं येत होती आणि ती एकेकाला नाही म्हणत होती. बपेऱ्याचा निखिल मात्र तिला पटला. तो तुमसरला आयटीआयमध्ये शिकवतो आणि घरची शेतीही पाहतो. त्याच्याकडचे लोक मुलगी पाहून गेले, त्या रात्री ती स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, मले हा पोरगा पसंत आहे. तुम्ही फक्त घर पाहून या."

त्या 'फक्त'वर तिने बराच जोर दिला होता. बापाला ओळखून होती पोरगी. पण ती पहिल्यांदाच कुणाला हो म्हणाली होती, आणि मला आतून इतकं बरं वाटलं की तो जोर मी मनावर घेतला नाही.

आमच्याकडे घर पाहणं म्हणजे नुसतं घर पाहणं नसतं. घर, गोठा, विहीर झाली की यजमान पाहुण्यांना वावरात नेतो. बांधीबांधीतून, म्हणजे धानाच्या एकेका खाचरातून, फिरवतो, कुठपासून कुठपर्यंत आपलं आहे ते हाताने दाखवतो. वावर दाखवलं म्हणजे बोलणी पुढे सरकली असं समजायचं. ही रीत मला जन्मापासून ठाऊक आहे. त्या दिवशी ती मोबाइललाही लागू होईल हे मात्र डोक्यात आलं नाही.

जानेवारीचा महिना होता. उन्हाळी धानाची चिखलणी जागोजागी चालू होती. शुभांगीचे शालिकमामा आपली गाडी घेऊन आले. वनिताचे हे मोठे भाऊ मोजकं बोलणारे आहेत. निघताना मी निखिलच्या वडिलांना, गजाननरावांना, माझं लाइव्ह लोकेशन पाठवलं. आठ तासांचं! त्याहून कमी वेळ निवडता येईल असं अ‍ॅपमध्येही होतं, पण सोयरिकीच्या कामात काटकसर कशाला? त्यांच्या स्क्रीनवर आता माझा गोल फोटो नकाशावरून सरकत येणार होता.

"कायले पाठवता?" वनिता म्हणाली.

"आपण कुठवर आलो ते त्यायले दिसते. म्हणजे चहा बरोबर वेळेवर ठेवता येते."

"आपले बापजादे काय थंडा चहा पेत होते?"

तुमसर सोडलं तसं मी पुढची सूचना दिली. आता मध्य प्रदेशची हद्द जवळ, फोन कधी इकडचा टॉवर धरेल कधी तिकडचा, बॅटरी वाया जाईल. तेव्हा दोघांनीही फ्लाइट मोड लावा. शालिकमामांनी मुकाट्याने लावला. वनिताचा मीच लावून दिला. माझा फोन मात्र लोकेशन पाठवायचा असल्यामुळे चालूच होता, आणि साकोलीपासून नकाशा, लोकेशन आणि अधूनमधून ग्रुप असं सगळं एकदम करून तो आठ टक्क्यांवर आला होता. पॉवर बँक होती. 'पॉवर बँक आदल्या रात्रीच चार्ज करा' ही माझीच सूचना, ती मी पाळली होती. पॉवर बँक घरी अजून चार्ज होत होती.

सिहोऱ्याला चहाला थांबलो. टपरीवाल्याने स्वतःहून वायर पुढे केली, पण मी माझ्या सूचनेला जागलो आणि नको म्हणालो. तेवढ्यात डोमाजी दिसला. हा माझा जुना ग्राहक. जवळच्याच गावी शेती, गेल्याच वर्षी माझ्याकडून रोटावेटर घेतलेला. ट्रॅक्टर चालू ठेवून तो चहा पीत होता, आणि स्टिअरिंगजवळ त्याने चार्जिंगचा पॉइंट बसवून घेतला होता. विश्वासातला माणूस, विश्वासातला ट्रॅक्टर! मी फोन लावला आणि वरच्या खोक्यात नीट ठेवला.

मग टपरीवरच्या दोघाचौघांना सार्वजनिक चार्जिंगचे धोके समजावून सांगायला लागलो. विषय रंगात आला. "येतो जी, साहेब," असं डोमाजी म्हणाला तेव्हा मी बोलता बोलता त्याला हातही केला. त्यानंतरही माझं समजावणं तासभर चाललं.

फोन नसल्याचं कळलं तेव्हा आमची गाडी बरीच पुढे आली होती.

"परत वळवू का, जवाई?" शालिकमामांनी विचारलं.

"नाही, मामा. आधीच उशीर झाला. डोमाजी इमानदार मानूस आहे, येता येता घेऊन घेऊ."

"त्याले फोन तरी लावा," वनिता म्हणाली.

"त्याचा नंबर माझ्या फोनमंधी आहे."

"मंग गजाननरावले लावा, उशीर होऊन राहिला म्हना."

"तो बी त्याच्यातच आहे."

वनिता खिडकीबाहेर पाहू लागली. मी तिची समजूत घातली की बॅटरी आठच टक्के होती, फोन आता बंदही पडला असेल, काळजीचं कारण नाही. आपण फोन चार्जिंगला लावला आहे हे मी त्या क्षणी विसरलो होतो.

बपेऱ्याला घर विचारत पोचलो. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, वर चादर ताणलेली, पण खुर्च्यांवर कुणी नाही. दारात फक्त निखिलची आई. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी येतं, मग 'या, बसा'. या बाई उंबरठ्यावर तशाच उभ्या राहिल्या. पाणी नाही, काही नाही.

"आले का जी? झालं तिकडचं पाहून?"

"तिकडचं म्हणजे?" मी विचारलं.

"डोमाजीचं घर पाहिलं, जेवन झालं, वावर पाहिलं. आता आमचं बी पाहून घ्या, आलेच आहा तं."

मला काही उमजेना. मग त्यांनी आतून गजाननरावांचा फोन आणला. ते रागाच्या भरात तो घरीच विसरून गेले होते. स्क्रीनवर माझा गोल फोटो होता, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा, टाय घातलेला. तो एका बांधीत होता. या टोकाकडून त्या टोकाला गेला, वळला, परत आला, पुन्हा वळला. मी उभ्या उभ्या स्वतःला चिखलणी करताना पाहत होतो.

घडलं होतं ते असं. डोमाजी सिहोऱ्याहून आधी घरी जेवायला गेला. ट्रॅक्टर अंगणात बोडीजवळ, म्हणजे छोट्या तळ्याजवळ, लावला. इकडे बपेऱ्यात सगळं घर स्क्रीनभोवती बसलेलं. निखिलचे केशवकाका त्या मुलखातलं पान न् पान ओळखतात. तळ्याचा आकार पाहून ते म्हणाले, "ही तं डोमाजीची बोडी होय. आन् त्याच्या इंजिनियर पोराचं लगन जमून राहिलं नाही."

एवढं पुरेसं होतं. ठरल्या वेळेला पाहुणे दुसऱ्याच उपवर मुलाच्या अंगणात बसले आहेत! गजाननराव भला माणूस. ते म्हणाले, टायर पंक्चर झालं असेल. त्यांनी माझा फोन लावला, तो वाजत राहिला. निखिलने शुभांगीला विचारलं, तिने आईला लावला, मामाला लावला, दोन्ही बंद. मग तासाभराने माझा फोटो अंगणातून निघाला, वावरात शिरला आणि बांधीबांधीतून सावकाश फिरू लागला.

"पाह्य, पाह्य," काका म्हणाले, "एक बी बांधी सोडून नाही राहिला. बारीक नजरेचा मानूस आहे."

यावर गजाननरावांचाही धीर सुटला. "गाडी चिखलात फसली असन," असं म्हणत त्यांनी दोर घेतला खरा, पण जाताना काकांना आणि निखिलला सोबत घेतलं.

वनिताने आपला फोन फ्लाइट मोडमधून काढला. शुभांगीचे मेसेज एकामागून एक आले. शेवटचा माझ्यासाठी होता. "बाबांले सांग, मी त्यायले फक्त घर पाहाले सांगतलं होतं. आता ते लोक नाही म्हनतील तं मी कोनाले पाहनार नाही." दोन वर्षांत एक होकार मिळाला होता, आणि तो मी ट्रॅक्टरवर ठेवून आलो होतो.

गाडी पुन्हा सिहोऱ्याच्या दिशेने पळवली. डोमाजीच्या बांधावर तिघंही उभे होते. गजाननरावांच्या खांद्यावर दोर. समोर डोमाजी ट्रॅक्टर थांबवून, कानाला बांधलेला दुपट्टा सोडत होता. म्हणूनच त्याला इतका वेळ फोन ऐकू गेला नव्हता.

"पाव्हने कुठं ठेवले?" केशवकाका विचारत होते.

"कोनते पाव्हने जी?"

"लपवू नको. आमी मोबाइलवर पाहून राहिलो."

"अजी, मी जेवन झाल्यापासून एकटा चिखल करून राहिलो."

मी गाडीतून उतरलो आणि ओरडून सांगितलं की पाहुणे आम्ही, आणि त्या ट्रॅक्टरवर आहे तो माझा फोन आहे. काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मानूस इकडे आन् फोन तिकडे, असं कोन करते?"

प्रश्न रास्त होता. तोंडी उत्तर देण्यापेक्षा फोनच आणून दाखवावा म्हणून मी बांधावरून खाली उतरलो. आयुष्यभर चिखलणीची अवजारं विकली, पण ताज्या चिखलात पंप-शूज घालून उतरू नये हे शेतकऱ्यांना सांगायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या पावलाला मी गुडघ्याच्या वर आत गेलो. चौथं पाऊल उचललंच नाही.

निखिलने इस्त्रीची पँट वर केली आणि सरळ आत आला. "हात द्या जी, मामाजी," म्हणाला. होणाऱ्या जावयाचा पहिला नमस्कार मी असा घेतला. त्याने एका हाताने धरलं, गजाननरावांनी बांधावरून दोर फेकला, आणि तो दोर शेवटी कामी आला. मी निघालो, बूट तिथंच राहिले. डोमाजीने फोन आणून दिला. शंभर टक्के चार्ज!

"तुमची रीत भारी आहे जी," डोमाजी गजाननरावांना म्हणाला, "पाव्हना दोरानं ओढून नेऊन राहिले."

पहिल्यांदा हसले ते केशवकाका. मग गजाननराव इतके हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. निखिल तेवढा ओठ दाबून उभा होता. त्याने तिथूनच शुभांगीला फोन लावला आणि जरा बाजूला जाऊन बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही, पण परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. माझा जीव भांड्यात पडला.

बपेऱ्याला निखिलच्या आईने या वेळी पाय धुवायला पाणी आणलं. वनिताला आणि मामांना तांब्याभर, मला बादलीभर. पँट धुऊन वाळत घातली गेली आणि मी गजाननरावांचं धोतर नेसून पंगतीला बसलो. घर पाहिलं, गोठा पाहिला. वावर दाखवायला निघाले तेव्हा मला बांधावरूनच पाहायला सांगितलं.

वावरातून परत आल्यावर गजाननरावांनी बालाघाटच्या आपल्या मोठ्या भावाला फोन लावला. ते मोठ्याने बोलतात आणि फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे सगळं अंगण ऐकत होतं.

"जमलं समज, दादा. शिवरात्रीनंतरची तारीख पाहू."

"कसे आहेत लोक?" तिकडून प्रश्न आला.

"पोरगी तं तू फोटोत पाहिलीच आहे. तिची माय समजदार आहे. मामा बी शांत मानूस."

"आन् बाप?"

गजाननरावांनी त्यांच्याच धोतरात बसलेल्या माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बाप सापडला."