चुन्याची शिशी

१९८८ सालच्या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी, नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या बाईवर अन्याय झाला. व्हरांड्यात, सगळ्या विभागासमोर, तिला चोर म्हटलं गेलं. मला निवृत्त होऊन वर्षं झाली, पण तो सोमवार डोक्यातून गेलेला नाही.

मी तेव्हा नवा फौजदार. कॉलेजात चळवळीची पत्रकं लिहून वाटलेला माणूस. अंगावर खाकी चढली तरी जीभ तीच राहिली.

ठाण्यात फोन आला तो विभागप्रमुखांचा. परदेशातून मागवलेली अँटिबॉडी चोरीला गेली म्हणाले. पेशीच्या विभाजनावर ताबा ठेवणारं एक प्रथिन असतं. रुग्णाच्या गाठीत ते आहे की नाही, हे या अँटिबॉडीच्या थेंबभर द्रवाने ओळखता येतं. बाटली बोटाच्या पेराएवढी. ती सापडलीही होती, जरीपटक्याहून कामाला येणाऱ्या त्या बाईच्या पिशवीत. आत चुना!

"पानाचा चुना आहे जी," बाई म्हणाली. "शनिवारी कचऱ्यात पडली होती, रिकामी. मी काहून चोरू?"

"रिकामी कशी असेल?" प्रमुख कडाडले. "हिनेच ओतून दिली, शिशीसाठी. हिला काय कळते त्याची किंमत! आजच कामावरून काढतो."

तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं. ती रडली नाही, नुसती खांबाला टेकून उभी राहिली.

पंचनामा करताना मला एक गोष्ट खटकली. चोर मुद्देमाल लपवतो. ही बाई शिशी लेबलासकट परत चोरीच्याच जागी घेऊन आली होती. मी प्रमुखांचा जबाब घ्यायला बसलो.

"माझा कशाला?"

"फिर्यादी तुम्हीच ना! हे औषध वापरता कसं?"

"थोडं थोडं. सारखं गोठवलं-वितळवलं की खराब होतं. म्हणून आल्या आल्या छोट्या नळ्यांत वाटे पाडून…" ते थांबले.

"आणि बाटली?"

"फेकून देतो."

"वाटे कोण पाडतं?"

"संशोधन करणारी एक मुलगी. शनिवारी भिवापूरला गेली, बहिणीच्या लग्नाला."

भिवापूर ठाण्याला ट्रंक कॉल लावला. तिथला हवालदार मांडवात शिरला तेव्हा वरपक्ष उठून उभाच राहिला म्हणे. मुलगी मेंदीच्या हातांनी ठाण्यातल्या फोनवर आली आणि हसायलाच लागली. "मीच पाडले वाटे, साहेब. नळ्या फ्रीझरच्या खालच्या खणात आहेत. सर काय बाटलीच शोधून राहिले?"

खालचा खण उघडला. नळ्या ओळीने उभ्या होत्या.

प्रमुख बाईला आपल्या खोलीत बोलावून सॉरी म्हणायला निघाले. मी दारात आडवा झालो. "चोर व्हरांड्यात म्हणालात. माफीही व्हरांड्यातच."

सगळा विभाग पुन्हा गोळा झाला. त्यांनी माफी मागितली, आणि बरी मागितली. बाईने ऐकून घेतलं नि माझ्यापुढे हात केला. "आता माही शिशी द्या जी. चुना वाळून राहिला." सगळे हसले, प्रमुखही. पुढे कित्येक वर्षं ती तिथंच कामाला होती. मी दिसलो की लांबूनच शिशी दाखवायची.

नोकरीभर एकच पाहिलं. वस्तू दिसेनाशी झाली की शिकलेल्या माणसाची नजर आधी झाडूवाल्या हाताकडे जाते. स्वतःच्या कामाची रीतसुद्धा तो तेवढ्यापुरती विसरतो.

तेव्हा तुम्हाला सांगतो. काही हरवलं तर आधी आपला खण उपसा. आणि चारचौघांत कुणाला चोर म्हणाला असाल, तर त्याच चारचौघांत शब्द मागे घ्या. कुणाला म्हणाला होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. आजच जा.