मामाने स्वतःला शून्यावर आणलं

माझा मामा एकवीस दिवस नुसत्या हवेवर राहिला आणि शेवटच्या दिवशी त्याने वीस किलोचं वजन करंगळीने उचललं, असं आमच्या गल्लीत सांगतात. सलूनवाला तर सांगताना वस्तऱ्याचा हातच वर नेतो आणि गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचतो.

खरं सांगते. दिवस आठ. हवा नाही, पाणी. आणि वीस किलोचं वजन उचलायला मामा वाकला तो सरळ झालाच नाही, आडवा झाला. मी तिथेच होते.

मामा वजनकाटे दुरुस्त करतो. वाण्याचा असो, भंगारवाल्याचा असो, बिघडलेला काटा त्याच्या जिन्याखालच्या खोलीत येतो. टेबलावर मखमली पेटीत पितळी वजनं. ती तो चिमट्याने उचलतो, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं म्हणे. कुठलाही काटा आला की पहिलं काम ठरलेलं: पारडं रिकामं करायचं, पुसायचं, शून्यावर आणायचं. "शून्य चुकलं की पुढचं सगळं खोटं!" हे तो नाकातून बोलतो, एकेक शब्द चिमट्याने उचलल्यासारखा. मी ते इतकं हुबेहूब करते की मामी आतून "आले हो" म्हणते.

घोळ झाला तो ह्याच शून्यापायी. जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा मामाने ठरवलं की शरीर म्हणजे तरी काय, काटाच. रिकामं करायचं, शून्यावर आणायचं, मग ठीक चालेल.

"अहो, डॉक्टरांना तरी विचारा," मामी म्हणाली.

"काटा दुरुस्त करायला मी वाण्याला विचारतो का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पोत्यांच्या काट्यावर उभा राहिला आणि ओरडला, "पावणेदोन किलो! चरबी गेली!"

वरच्या मजल्यावरच्या सिस्टरबाई दवाखान्यात ड्युटीला निघाल्या होत्या. जिन्यातूनच म्हणाल्या, "चरबी कसली दादा, बहुतेक पाणी आहे ते. अंगातली साठवलेली साखर संपली, तिच्याबरोबर पाणी गेलं. चरबी आता कुठे जळायला लागेल."

"म्हणजे जळेल ना?"

"जळेल. पण थोडे स्नायूही जातील आणि अंगातलं मीठ तर जातंच आहे. ब्लडप्रेशरच्या गोळीचं काय केलंत?"

"रोज घेतो. नियम म्हणजे नियम."

"उपाशीपोटी, तीच गोळी, तेवढीच? आजच्या आज डॉक्टरांना दाखवा!"

मामाने दाखवला तो काटा, येईल-जाईल त्याला. पाचव्या दिवशी त्याच्या तोंडाला नेलपॉलिशचा वास यायला लागला, चरबी जळल्याचा म्हणे. भूक म्हणे मेलीच. मला वाटलं, वा, जमलं की ह्याला! वर्गात मी फुशारकीसुद्धा मारली.

आठव्या दिवशी सकाळी वीस किलोचं वजन उचलायला वाकलेला मामा धाडकन पडला. डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. मामी साखर घातलेल्या दुधाचा पेला घेऊन धावली, "अहो, प्या हो, सगळं प्या, मग जेवायला वाढते!" मी केळं सोललं आणि त्याच्या तोंडाशी नेलं.

"खबरदार!" जिन्यावरून सिस्टरबाई. एवढा मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "धड शुद्धीत नाही तो माणूस! घशात अडकेल. गाडी बोलवा आधी!"

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला. गोळीने आणि उपासाने मिळून प्रेशर पार खाली गेलं होतं. ते मला कळलं. पुढचं कळेना.

"बरं झालं, घरी भरपेट जेवायला घातलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"जेवणाने काय होणार होतं?" मामी म्हणाली.

"इतक्या दिवसांनी एकदम गोडधोड पोटात गेलं, की शरीरातल्या पेशी रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट ओढून घेतात. ह्यांचं आधीच कमी झालंय. हृदयाचे ठोके बिघडतात. माणूस दगावूही शकतो."

जेवणाने! सोललेलं केळं अजून माझ्या हातात होतं. मी ते कुठे ठेवू तेच मला समजेना.

मग सलाईन, सुया, दिवसातून दोनदा रक्त. खाणं दर तीन तासांनी, मोजून, आणि रोज थोडंच वाढवायचं. आता उपाशी राहण्यापेक्षा मोजून खाणं अवघड होतं, कारण मेलेली भूक पहिल्या घोटालाच उठून बसली होती. शेजारच्या खाटेवरच्या काकांचा डबा उघडला की मामा आवंढा गिळायचा.

"मामा, पैज," मी म्हटलं. "तीन दिवसांत तू काकांच्या डब्यात हात घालणार."

"आणि नाही घातला तर?"

"तर एक दिवस मी तुझ्या मापाने खाईन."

मामाने खिशात मावणारा छोटा काटा घरून मागवला, वाटी ठेवून शून्यावर आणला. "साठ ग्रॅम सांगितलंय, हे चौसष्ट आहे. चार काढ." काकांनी डबा उघडला की मामा भिंतीकडे तोंड करायचा. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून पहिल्यांदा हसल्या.

मी पैज हरले, म्हणून चौथ्या दिवशी सकाळी सातला मामाच्या पहिल्या दिवसाच्या मापाने साठ ग्रॅम पातळ सूप प्यायले. सव्वादहाला काकांच्या डब्यात एक हात होता. मामाचे दोन्ही हात पांघरुणावर होते.