कालमुर्झा बायकेंची स्वस्त पट्टी

आत-बाशी गावच्या बाजारात माझं फोटोचं दुकान आणि कालमुर्झा बायकेंचं फ्रेमचं दुकान यांच्यामध्ये पत्र्याची एकच भिंत होती. घरात कुणी गेलं की लोक आधी माझ्याकडे यायचे, पासपोर्टवरचा एवढासा चेहरा मोठा करून घ्यायचे आणि तो घेऊन पलीकडे जायचे. "तू त्यांना मोठं करतोस, मी त्यांना आवरतो," बायके म्हणायचे. वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे बायके म्हणतात. पण कालमुर्झांना त्यांच्याहून मोठी माणसंही बायकेच म्हणत, इतके ते जन्मतः म्हातारे होते.

फ्रेमसाठी ते डोंगरातलं स्प्रूसचं लाकूड वापरत. दोन हिवाळे वाळवलेलं, सरळ रेषांचं, हातात घेतलं की वास येणारं. मग जंगलावर पहारा बसला आणि ते लाकूड सोन्याच्या पंगतीला जाऊन बसलं. त्यात बस-तळाजवळच्या लोखंडी कंटेनरमध्ये मायराम्बेकने चीनहून आलेल्या तयार फ्रेम मांडल्या. त्याच्याकडे फ्रेम मिळायची बायकेंच्या निम्म्या किमतीत, आणि वर तिच्यात एक परदेशी बाई फुकट हसत असायची.

"एर्निस, स्वस्त पट्टी सापडली नाही तर हे दुकान गेलं बघ," एके दिवशी बायके म्हणाले. विळा विकायचाय म्हणाल्यासारखं सहज म्हणाले, म्हणून मी घाबरलो.

मग त्यांची शोधाशोध सुरू झाली. आधी पॉपलर आणलं. ते कालव्याकाठी फुकट वाढतं आणि फुकट वाढल्यासारखंच वागतं. घरात शेगडी पेटली की पीळ खायचं आणि चारही कोपरे आ वासायचे. मग पाडलेल्या जुन्या क्लबाच्या जमिनीच्या फळ्या आणल्या. लाकूड सुरेख, कडक वाळलेलं, पण त्यात इतके खिळे की करवतीचे दात संपले तरी खिळे शिल्लक. मग भुशाची दाबलेली पट्टी आली, वरून अक्रोडाच्या चित्राचा कागद लावलेली. एका घरात ती ओल्या भिंतीवर टांगली, तर भिजवलेल्या पावासारखी फुगली.

"हिला चहाबरोबर वाढा," मी म्हणालो.

"तू तुझ्या मशीनला शाई पाज," ते म्हणाले.

शेवटी उरली फोमची पट्टी. पिसासारखी हलकी, वर अक्रोडाचा रंग, कडेला सोनेरी रेघ. सुरीने कापावी तशी कापली जायची, कोपरे डिंकाने चिकटायचे. बायकेंना ती आवडली नाही. "याला वजनच नाही, हे खोटं बोलतंय," म्हणाले. पण दुसरं परवडणारं काही नव्हतंच. मग त्यांनी तिची परीक्षा घ्यायची ठरवली, आणि परीक्षा घेण्यात त्यांनी कसूर केली नाही. तिचे तुकडे अख्खा जानेवारी छपरावर बर्फात ठेवले. बादलीत बुडवून ठेवले, बादली गोठली, तर बर्फ फोडून ते बाहेर काढले. तुकडे जसेच्या तसे.

आमच्याकडे वस्तूचा वैरी म्हणजे थंडी. इथे बूट घेताना, दार घेताना, बायको करताना माणूस एकच विचारतो, हिवाळ्यात टिकेल का. उष्णतेचं काही विचारायचं असतं, हे बायकेंच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

वसंतात बुरुलचा आपांचं वर्षश्राद्ध आलं. सबंध गल्लीची ती आपा, म्हणजे थोरली बहीण, आणि अर्ध्या गल्लीची सुईण. फोटो मी मोठा केला, फ्रेम बायकेंनी केली. सून अनारकान न्यायला आली तेव्हा फ्रेम हातात तोलत म्हणाली, "बायके, आई हयात असताना याहून बऱ्याच जड होत्या."

"आता त्यांना हलकं वाटत असेल, बाळा," बायके म्हणाले, आणि तिला बरं वाटलं.

श्राद्धाला आम्ही दोघे गेलो. घोडा कापला होता, कुराण वाचून झालं होतं. दारासमोरच्या मानाच्या भिंतीवर, माणसांच्या डोक्याच्या उंचीला, आपांचा फोटो. मग अनारकान अर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या सुवासिक झुडपाच्या, सुक्या डहाळ्या निखाऱ्यावर टाकलेला तवा घेऊन उठली. हा धूर आम्ही घरभर फिरवतो, पाहुण्यांवरून, पाळण्यावरून, गाईवरून. सासूपाशी ती थांबली. बाकी सगळ्यांना झटक्यात धुरी दिली होती, इथे मात्र तवा फ्रेमखाली धरून उभी राहिली, ओठांत काहीतरी पुटपुटत. प्रेमाने उभी राहिली, आणि बराच वेळ राहिली.

मी पाहत होतो. खालची पट्टी मधोमध वाकली, जणू आपांनी हनुवटी खाली घेतली. मग काच सरकली, फोटोला घेऊन खाली आली आणि तळलेल्या बोर्सोक-पुऱ्यांच्या ताटात फुटली.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. कोपऱ्यातून एक म्हातारा हळूच म्हणाला, "बुरुलचा कुणाला तरी बोलावतेय." आणि सगळ्यांनी एकाच वेळी आपांच्या थोरल्या दिरांकडे पाहिलं. ते बिचारे हातातलं हाड खाली ठेवून बसले.

त्या वर्षात त्या घरातलं कुणी गेलं नाही. दीर तर आजही घोड्यावर बसतात. पण त्याची दखल कोण घेतो? गेलेल्या माणसाचा चेहरा कालमुर्झाच्या चौकटीतून पडतो, एवढं गावभर झालं. लोक माझ्याकडून फोटो घ्यायचे, पत्र्याच्या भिंतीकडे न बघता बाहेर पडायचे आणि थेट बस-तळाकडे वळायचे.

बायकेंनी मग स्वतःच्या पलंगाच्या फळ्या काढल्या. जुनं स्प्रूस होतं ते, सासऱ्याने दिलेलं. त्याची एक फ्रेम केली, कोपऱ्यात लाकडी पाचर मारून, वर जवसाचं तेल. "ही त्या घरात टांगली गेली तर लोक परत येतील," म्हणाले. "नाही गेली तर नाही." मी सोबत गेलो, कारण एकटे गेले असते तर दारातूनच परत आले असते.

अनारकानने बसवलं, चहा दिला, साय दिली. भिंतीवर आपा होत्याच, नव्या फ्रेममध्ये. अक्रोडाचा रंग, कडेला सोनेरी रेघ. मी बायकेंकडे पाहिलं. पट्टी तीच होती, फोमची, फक्त फ्रेम मायराम्बेकच्या कंटेनरमधली.

"बस-तळावरून आणली," अनारकान म्हणाली. "कारखान्याची आहे, मजबूत."

"अनारकान, ही पण..." मी सुरुवात केली. बायकेंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"धुरी जरा लांबून दे हां, बाळा," ते म्हणाले.

"आता अंगणातच देते, बायके. मोठे काका घरात देऊच देत नाहीत."

बायकेंनी आपली फ्रेम कापडातून काढली. तिने लाकडावरून हात फिरवला, वास घेतला, मनापासून म्हणाली, "किती सुंदर केलीत हो." मग नवऱ्याच्या दिशेने बघितलं. तो चहाच्या पेल्यात बघत होता. "आईंना नको, बायके," ती म्हणाली. "लोक बोलतात. तुम्ही रागावू नका. पण दाराशी हात धुवायच्या जागी आरसा आहे ना, त्याला किती छान बसेल."

बायके उठले, दाराशी गेले, आरशाला वीत लावली. "आरसा लहान आहे," म्हणाले. "करवत आहे का घरात?"

अंगणात, कोंबड्या हुसकत, त्यांनी ती फ्रेम चारही बाजूंनी कापून लहान केली. पाचरी नव्याने बसवल्या. घाईने नाही, दुकानात करायचे तसंच. मी कोपरे धरले. आरसा बसल्यावर त्यात आम्ही दोघे दिसलो, तर बायके बाजूला सरकले.

परतताना ते म्हणाले, "करवतीला धार होती रे त्यांच्या. नीट ठेवलीय."

शिशिर लागायच्या आत त्यांनी दुकान सोडलं. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात आणि दिवसभर एकच गाणं वाजतं. बायके जमिनीवर गादी टाकून झोपतात. मी विचारलं तर म्हणाले, पाठीला बरं असतं.