वेळेवर लागलेलं लग्न

वसंतआबा लग्नाला सगळ्यांच्या आधी पोचायचे. मंडपात आचारी आणि खुर्च्या लावणारे तेवढे असायचे, आणि आबा पुढाऱ्यांसाठी मांडलेला सोफा उचलायला लावत असायचे. "सोफा ऱ्हायना का त्यावर बसनारा येस, आनि तो येस तवलोंग लगीन थांबस," हे त्यांचं अहिराणी तत्त्वज्ञान.

आमच्याकडे पत्रिकेतला मुहूर्त म्हणजे नुसती शोभा. मुहूर्त दुपारचा असला तरी वरात दारात तासन्‌तास नाचणार, मग आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचा सत्कार, प्रत्येकाचं भाषण. अक्षता हातात धरून म्हातारी माणसं पेंगायची. आबा समाजाचे अध्यक्ष झाले आणि पहिल्याच सभेत त्यांनी ठराव मांडला: लग्न मुहूर्तावरच लागेल, मग कोणीही यायचं राहो. मी तेव्हा समाजाचा सचिव होतो. ठराव ऐकून सभा पोट धरून हसली आणि त्याच भरात तो मंजूर झाला.

आबांनी तो खराच अमलात आणला. चोपड्याच्या एका लग्नात ते नाचणाऱ्या वरातीत घुसले, बँड बंद केला आणि नवरदेवाला दंडाला धरून मंडपात आणलं. नवरदेवाचा मामा भडकला. "लगीन शे का रेल्वे?"

"रेल्वे उशिरा चालस," आबा शांतपणे म्हणाले. "लगीन नही."

एकदा तर खुद्द आमदार उशिरा आले. लग्न लागून पंगत बसलेली. साहेबांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, वरण-बट्टी गरम शे. जेवीसन जा." साहेब बिचारे जेवून गेले. त्यानंतर समाजात आबांचा असा दरारा बसला, की धुळ्याकडची माणसंसुद्धा आमच्या लग्नांना धावतपळत येऊ लागली. क्रांती झाली म्हणायची.

मग आबांच्या एकुलत्या एक लेकीचं, ज्योतीचं लग्न ठरलं. जळगावातच, दुपारच्या मुहूर्तावर. सकाळी बातमी आली की शिंदखेड्याच्या अक्का, आबांची मोठी बहीण, रुसल्या आहेत. भाऊ स्वतः न्यायला आल्याशिवाय पाऊल उचलणार नाहीत. बहिणीच्या रुसव्यावर काही ठराव चालत नाही. आबा गाडी घेऊन निघाले.

मुहूर्त जवळ आला तेव्हा त्यांचा मला फोन आला. धरणगावजवळ केळीचा ट्रक आडवा झाला होता, गाड्या हलत नव्हत्या.

"आबा, थांबवू का?" मी विचारलं.

त्यांनी आधी मुहूर्ताला किती मिनिटं उरली ते विचारलं. मग म्हणाले, "नियम म्हंजे नियम," आणि फोन ठेवला.

नवरदेवाकडचे थांबायला एका पायावर तयार होते. "अहो, मुलीचा बाप आहे, थांबू की!" वरबाप म्हणाला. भटजींनीही मान डोलावली. मी ज्योतीकडे गेलो. हातात हार घेऊन ती उभी होती.

"आबा थांबा म्हणाले का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग थांबायचं नाही. आयुष्यभर लोकांना थांबू दिलं नाही त्यांनी. माझ्यासाठी लग्न थांबलं तर उद्या त्यांचं कोण ऐकेल?" ती बोहल्यावर चढली. तिच्या काकांनी कन्यादान केलं. समाजाच्या इतिहासात इतकं वेळेवर लग्न लागलं नव्हतं.

आबा आले तेव्हा पंगत बसली होती. सगळे घास हातात धरून बघत राहिले. आबांनी माइक मागवला, म्हणाले, "आज समाज सुधारला. मला लेकीचा अभिमान आहे." काय टाळ्या पडल्या! अक्कांनीसुद्धा वाजवल्या.

मग ते मंडपामागे जाऊन एका खुर्चीवर बसले. ज्योती त्यांच्या मागोमाग गेली, मी पाणी घेऊन गेलो. ती पायाशी बसली आणि म्हणाली, "आबा, मी थांबले असते तर तुम्ही मला रागावला असता ना?"

"रागे भरनू असतू," आबा म्हणाले. तिच्या कपाळावरची मुंडावळी त्यांनी हलकेच सरळ केली. "पन मी मनी पोरनं लगीन देखं तरी असतं."