रिकाम्या खोक्यांची पिशवी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पोलीस ठाण्यातल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण औषधांच्या रिकाम्या खोक्यांनी भरलेली ती कापडी पिशवी मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते.

तेव्हा मी अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. स्वभावाने मी अबोल. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी सकाळपासून आरडाओरडा चाले, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून जबाब लिहीत असे. त्या सुमारास दुसऱ्या एका विभागात बोगस औषधांची टोळी पकडली गेली होती आणि आम्हा सगळ्यांनाच लक्ष ठेवण्याचे आदेश होते.

खबर आणली मरोळच्या एका भंगारवाल्याने. आमचा जुना खबरी.

"मॅडम, एक बाई येते ना, साठीच्या वरची. रद्दीतून औषधाचे खाली खोके शोधते. महागाच्या औषधाचेच पाहिजेत. फाटका नको म्हणते, आणि तारीख बघून घेते."

तारीख बघून घेते, हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. बोगस माल भरणाऱ्याला असंच खोकं लागतं, न फाटलेलं आणि मुदत न संपलेलं.

दोन दिवस साध्या कपड्यांत पाळत ठेवली. बाई भंगारवाल्याकडून निघाल्या, त्या थेट सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात. तिथे डॉक्टरांच्या चार वेगवेगळ्या चिठ्ठ्या दाखवून त्यांनी औषधं घेतली. म्हणजे स्वस्त गोळ्या महाग खोक्यात घालून विकायच्या, असा सरळ हिशेब आम्ही मांडला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला हवालदार आणि महिला शिपाई त्यांना चौकशीसाठी घेऊन आले. पंचांसमक्ष पिशवी उघडली. अकरा रिकामी खोकी, सरकारी दुकानातल्या गोळ्यांच्या काही पट्ट्या, दुकानाच्या पावत्या आणि एक वही. वहीत चार नावं, आणि प्रत्येक नावापुढे औषधाचं इंग्रजी नाव. एकेक अक्षर चित्रासारखं काढलेलं.

"मावशी, ही गिऱ्हाइकं का?" हवालदाराने विचारलं.

त्यांनी वहीवर हात ठेवला.

"बोला की. गप्प बसून सुटका नाही व्हायची. कुठल्या दुकानाला देता माल?"

त्यांनी पदर तोंडाशी धरला. हवालदाराचा आवाज चढायला लागला, तसं मी त्याला चहा सांगायला पाठवलं. माझी पद्धत साधी होती. समोर बसायचं आणि आपणही गप्प राहायचं. शांतता गुन्हेगाराला सहन होत नाही, तो काहीतरी बोलून जातो. असा तास गेला. मावशींनी चहाला हात लावला नाही. पण त्या दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पकडलेला माणूस दाराकडे बघतो, फोनकडे बघतो. घड्याळाकडे सहसा बघत नाही.

"कुणाची वाट बघताय, मावशी?"

एवढं विचारलं आणि बांध फुटला.

"बाई, बाराला ह्यांची गोळी असते. मी नसले तर स्वतःच खोकं उघडतील हो. आतली पट्टी बघितली ना, तर संपलं. उद्यापासून गोळीच घेणार नाहीत!"

मग सगळं बाहेर आलं. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता, आता घरी. दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेला. गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या, आणि महागाच्या गोळ्या त्यांना परवडत नव्हत्या. डॉक्टरांनीच सांगितलं, सरकारी दुकानातून घ्या, औषध तेच आहे. पण नवऱ्याचं एकच, स्वस्त औषधात राम नाही. पहिल्यांदा आणलेल्या गोळ्या त्याने खिडकीतून फेकल्या आणि आठवडाभर काहीच घेतलं नाही. तेव्हापासून मावशी स्वस्त पट्टी महाग खोक्यात घालत आणि गोळी आपल्या हाताने देत. नवरा खोक्यावरची तारीख मात्र चष्मा लावून तपासायचा, म्हणून दर वेळी नवं खोकं. हळूहळू इमारतीतल्या आणखी तीन बायका आल्या. कुणाची सासू, कुणाचा दीर, सगळे त्याच हट्टाचे. मावशींची शाळा चौथीपर्यंत. चिठ्ठीवरून औषधाचं नाव उतरवायला त्या दुपारभर बसत. एक अक्षर चुकलं तर माणूस जाईल, ही भीती.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

मला कहाणी पटली होती. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. गोळी खोटी निघाली तर? माझ्यासमोर तो माणूस ती गिळणार होता. मी मावशींना घेऊन रिक्षात बसले. सोबत एक पट्टी, पावत्या आणि हद्दीतल्या ज्येष्ठ नागरिकांची आमची नोंदवही घेतली. मेट्रो स्टेशनखाली रिक्षा अडकली, तिथून मी औषध निरीक्षकांना फोन लावला आणि पट्टीवरचा बॅच नंबर वाचून दाखवला. त्यांनी दुकानाकडे खात्री केली. पाच मिनिटांत फोन आला.

"औषध खरं आहे, मॅडम. खोटं आहे ते फक्त खोकं."

आम्ही पोचलो तेव्हा काकांनी चष्मा लावला होता आणि हात फळीवरच्या खोक्याकडे गेला होता.

"थांबा, मी देते!" मावशी चपला न काढताच आत धावल्या.

"कुठे उलथली होतीस? आणि या पोलीसबाई कशाला?"

"ज्येष्ठ नागरिकांची भेट, काका," मी नोंदवही उघडली. "तब्येत विचारायला आले. बाहेर मावशी भेटल्या."

काका खूश झाले. मावशींनी तळहातावर दिलेली गोळी त्यांनी पाण्याबरोबर घेतली आणि खोकं माझ्यासमोर धरलं.

"हे बघा, कंपनीचं औषध आहे. ही म्हणत होती, सरकारी घ्या. अहो, तसलं घेतलं असतं तर आज तुमच्याशी बोलत बसलो असतो का?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघत.

"खरंय, काका," मी म्हटलं. "गुण दिसतोय औषधाचा."

नोंदवहीत लिहिलं: प्रकृती ठीक. औषधं वेळेवर घेतात.

संध्याकाळी वरिष्ठांनी विचारलं, "बोगस औषधांच्या केसचं काय झालं?"

"साहेब, विक्री नाही, नफा नाही. कलम कुठलं लावू? नवऱ्याला फसवल्याचं?"

साहेब हसले. "नको. मग आपल्या सगळ्यांच्या घरी धाडी घालाव्या लागतील."

औषध निरीक्षकांचा अहवाल आल्यावर पिशवी पोच घेऊन परत केली. खोट्याचा माग काढायचा, हे मला खात्याने शिकवलं होतं. ते सापडल्यावर उघडं पाडायचं की झाकून ठेवायचं, हे ठरवण्याआधी त्यावर कोण जगतंय ते बघावं, हे त्या पिशवीने शिकवलं. आणि गप्प बसलेला प्रत्येक माणूस काही लपवत असतो असं नाही. कधी तो कुणाला तरी सांभाळत असतो. मी स्वतः अबोल असून हे मला तोवर कळलं नव्हतं.

आता माझीही रक्तदाबाची गोळी त्याच दुकानातून येते. गेल्या महिन्यात रांगेत मावशी पुढेच उभ्या होत्या. पाठीत वाकलेल्या, हातात तीच वही.

"काका कसे आहेत?"

"आहेत ना! सकाळपासून शिव्या देतायत."

"आणि खोकी? अजून शोधता?"

"नाही हो. आता डोळे गेलेत त्यांचे, तारीख दिसत नाही. एकच खोकं ठेवलंय. कडा सुटल्या की डिंक लावते." त्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण हातात घेऊन चाचपतात. खोकं लागतंच."