झुंबरबाईचं पान

माझी आई झुंबरबाई मखमलाबादच्या मळ्यात पाटाच्या कडेनं केळी लावायची, घडासाठी नव्हे, पानांसाठी. पूजेला, लग्नाला लोक पानं न्यायचे. चौऱ्याण्णव साली सातपूरला कारखान्यातल्या तमिळ लोकांसाठी एका अण्णांनी खानावळ काढली आणि आईला रोजचं गिऱ्हाईक मिळालं. सकाळी पानं कापायची, ओल्या फडक्यानं पुसायची, भारा बांधून टेम्पोत टाकायची.

"धना, आपल्या पानावर ते मद्रासी काय वाढत असतील रे? एकदा बसून जेवायचं हाय मला." तीन वर्षं तिचं हेच टुमणं. मी म्हणायचो, "बघू."

गावच्या पंगतीत वाढायला आई हवीच. "घ्या हो, माझी शपथ हाय," म्हणत पाहुण्याला जिलबीनं बेजार करायची. तिचा नियम होता: पहिलं 'नको' लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं खरं. ती स्वतः मात्र सगळ्यात शेवटी जेवायला बसायची. तिला आग्रह करायला तेव्हा कोण असणार? आम्ही हात धुऊन पसरलेले असायचो.

सत्त्याण्णवच्या एका रविवारी नेलं शेवटी. लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसून स्कूटरवर मागे बसली. खानावळीत पान समोर आलं तसं तिनं ते दोन्ही हातांनी चाचपलं. "आपलंच हाय!" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. पलीकडच्या टेबलावर माझ्या कंपनीतले साहेब बसलेले. त्यांनी मान वळवून पाहिलं. त्यात आई त्यांनाच म्हणाली, "साहेब, लाजू नका, घ्या अजून भात!"

मी खेकसलो. "आई, हे गाव नाही! गप जेव."

ती पानाकडे वळली. वाढपी बादली घेऊन आला. "सांबार?" आई रीतीप्रमाणे म्हणाली, "नको." तो पुढं गेला. त्याच्या मुलखात नको म्हणजे नको, त्याचं काय चुकलं? मग रस्सम आलं. "नको." तेही गेलं. पायसम, म्हणजे त्यांच्याकडची खीर, आली तेव्हा तिनं पानावर हात आडवा धरला, "नको नको," आणि बोटं थोडी फाकवून वाट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

मला कळलं होतं, हो. अगदी स्वच्छ कळलं होतं. "अगं घे की," एवढंच म्हणायचं होतं मला. पण साहेबांपुढं पुन्हा तमाशा नको म्हणून मी मुंडी खाली घालून माझं पायसम भुरकत राहिलो. माझी अक्कल चरायला गेली होती! आई लोणच्याशी कोरडा भात जेवली आणि पान मिटून उठली.

परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, "लय झ्याक होतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा भारा बांधला. पुढं आठ वर्षं रोज बांधला. खानावळीचं नाव मात्र तिनं पुन्हा काढलं नाही, आणि मीही नाही. 'पुन्हा जाऊ' म्हणायला जीभ झडली होती का माझी?

दोन हजार पाचला ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, आता काय हवं ते खाऊ द्या. मी धावत सातपूरला गेलो, अण्णांकडून डबाभर पायसम आणलं. केळीचं कोवळं पान कापलं, पुसलं, तिच्यापुढं मांडलं आणि वाढलं.

"घे, आई."

"नको."

"अगं घे ना थोडं. माझी शपथ हाय."

ती हसली. किती वर्षांनी असं हसली! पुन्हा म्हणाली, "नको."

मी चमचा तिच्या ओठांशी नेला. "एक घास. माझ्यासाठी."

तिनं माझा हात हलकेच बाजूला केला आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "नको रे, धना."