ताइस्तोला कुणी बोलावत नाही

आमचा ताइस्तो दारातून सरळ कधी आला नाही, कायम तिरका, खांदेच एवढे रुंद. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "सिनिक्का, याला जेवायला घालता घालता म्हातारी होशील गं." झालेच की!

दिवसभर तो जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवायचा आणि संध्याकाळी गोठ्यामागच्या शेडमध्ये वजनं उचलत बसायचा. आधी पॉवरलिफ्टिंग. त्यात जिल्ह्यात पहिला आला, देशात तिसरा. मग त्या महाबली लोकांच्या स्पर्धांचं वेड लागलं. दगड उचला, ट्रक ओढा, असली खुळं. एकदा टीव्हीवर दाखवला. तो मुलाखतवाला बिचारा प्रश्नांवर प्रश्न विचारतोय आणि आमचं ध्यान नुसतं "हं" म्हणतंय. मी लाजेनं मेले.

पण त्याची खरी वाहवा गावातच होती. कुणाची गाडी बर्फात रुतली, कुणाच्या सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, नव्या शेगडीला आत न्यायचं, चर्चच्या हॉलमधला पियानो हलवायचा, की फोन आमच्याकडे. हा ताटावरून उठून निघायचा. "अरे, क्रेनलासुद्धा सुट्टी असते!" मी ओरडायचे. तो हसत हसत बूट चढवायचा. बोलावणं आलं की स्वारी खुलायची.

मागच्या उन्हाळ्यात लाहती शहरातल्या स्पर्धेत शेवटचा दगड ओट्यावर चढवताना त्याची पाठ गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाला, फिरा, काही हरकत नाही. पण वजन उचलणं आता कायमचं बंद." ताइस्तो म्हणाला, "हं."

आणि आमचा फोन वाजायचा थांबला.

गावानं त्याला वाळीत टाकलं असं नाही हो. उलट जपत होते मेले! माणूस दुःखात आहे ना, मग त्याच्या वाटेला जायचं नाही, ही आमची सभ्यता. दुकानात भेटले तर मान हलवायचे आणि पावाच्या फळीकडे वळायचे. थंडीच्या आधी शेजारच्या वेइक्कोची होडी तळ्यातून वर काढायची होती. दरवर्षी ते काम ताइस्तोचं. यंदा चौघांनी मिळून ती ओढली, तीही आमच्या घरावरून, चोरासारखी, जराही आवाज न करता. ताइस्तोनं खिडकीतून सगळं पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

त्यानंतर त्यानं जेवण निम्म्यावर आणलं. शनिवारचा सॉनाही नको म्हणाला. तेव्हा मात्र मला माझा काका आठवला. तोही असाच एका शरदात गप्प झाला होता. वसंत पाहायला तो उरला नाही.

मी तडक पलीकडच्या इम्पीकाकूंकडे गेले. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, सगळे त्यांचं ऐकतात.

"काकू, तुम्ही सगळे मेलात का? एक माणूस त्याला हाक मारत नाही!"

"अगं, उगाच त्याला त्रास कशाला, म्हणून..."

"त्रास द्या! त्रासच हवाय त्याला!" मी किंचाळले आणि तिथेच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काठी टेकत आमच्या स्वयंपाकघरात हजर. काखेत बीटच्या लोणच्याची काचेची बरणी.

"ताइस्तो, एवढी उघडून दे रे. माझ्याच्यानं होत नाही."

त्यानं बरणी हातात घेतली. झाकणाखालून लाल पाणी ओघळून काकूंच्या कोटाला लागलं होतं. मला दिसलं, तर त्याला दिसणार नाही?

"काकू, ही उघडलेलीच आहे."

"मग परत घट्ट लाव आणि उघड. मला काय त्याचं!" काकू फिस्कारल्या.

ताइस्तोनं झाकण गच्च आवळलं, पुन्हा उघडलं, आणि बरणी अगदी हळू टेबलावर ठेवली. खाली बसला. पाठ अख्खी गदगदायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी नुसती उभी.

काकूंनी खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी बसल्या आणि माझ्यावर डाफरल्या, "बघतेस काय? कॉफी टाक. याला वेळ लागणार, केवढा थोरला आहे!"